लेस्मोच्या वळणावरची शिट्टी

दंडाला धरून कोणीतरी मागे ओढलं तेव्हा जेर्वासोला आधी वाटलं, ओळखीचं कोणी असेल. मोटारींच्या शर्यतीच्या आठवड्यात मोन्झामध्ये सगळेच ओळखीचे होतात, वर्षभर मान फिरवून जाणारेसुद्धा. पण ती वाहतूक पोलीस होती, पांढऱ्या टोपीतली, त्याच्या मुलीपेक्षा लहान आणि चांगलीच चिडलेली. "आजोबा, तीनदा शिट्टी मारली मी! सगळा रस्ता थांबलाय आणि तुम्ही आपले चाललाय. कानात बोळे घातलेत का?" रस्ता खरंच थांबला होता. लाल झेंडे लावलेल्या एका गाडीतली पोरं काचेतून हसत होती. "विचारात होतो," तो म्हणाला. "विचार फुटपाथवर करायचा," असं म्हणून ती वळली आणि तिनं शिट्टी तोंडाला लावली. तिचे गाल फुगलेले त्यानं पाहिले. गाड्या हलल्या. कोपऱ्यावरच्या बारमधली माणसं बोलत होती ते ऐकू येत होतं, बसचं इंजिन ऐकू येत होतं, चर्चची मोठी घंटा नेहमीसारखी ऐकू येत होती. शिट्टी तेवढी आली नाही. ती पुन्हा गाल फुगवेपर्यंत तो चपलांच्या दुकानासमोर उभा राहिला. तिनं फुगवले, त्यानं कान देऊन ऐकलं, आणि काहीच न ऐकता तो घराकडे चालू लागला.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, वय झालं, दाखवू डॉक्टरला, आणि विसरला असता. जेर्वासोला ती सोय नव्हती. तो सगळी उमेद पोस्टात टपाल वर्गवारी करण्यात घालवलेला माणूस. पण दर सप्टेंबरात तीन दिवस नारिंगी ओव्हरऑल चढवून बागेतल्या ट्रॅकवर, लेस्मोच्या दुसऱ्या वळणाच्या चौकीवर उभा राहायचा, ते लग्नाच्याही आधीपासून. गाडीचा तुकडा ट्रॅकवर पडला की चौकीवरचा एक जण कठड्यावरून उडी मारून तो उचलायला धावतो. उचलणारा येणाऱ्या गाड्यांकडे बघत नाही, त्यानं बघायचंच नसतं. बघायला लागला तर हात थरथरतात. बघायला दुसरा असतो. तो कठड्यापाशी शिट्टी तोंडात धरून उभा राहतो आणि झाडांतून गाडी निघाली की शिट्टी मारतो. शिट्टी आली की हातातलं टाकून पळायचं. बाकी सगळ्या नियमांना वाटा-पळवाटा आहेत, या एका नियमाला नाही. शनिवारी एकानं धावायचं, रविवारी दुसऱ्यानं, असं जेर्वासो आणि चौकीवरचा त्याचा जोडीदार एजिदिओ यांचं कधीपासूनचं चालत आलेलं. आणि या रविवारी धावायची पाळी जेर्वासोची होती.

रस्ताभर तो मागचं आठवत गेला, आणि जे आठवलं ते बरं नव्हतं. गेली दोन-तीन वर्षं गावात एकच रड होती, की नव्या इंजिनांना आवाजच नाही. पूर्वी गाडी पहिल्या वळणाला लागली की बागेच्या भिंतीपलीकडे लोकांच्या कपाटातले पेले वाजायचे. आता म्हणे शिवणाचं मशीन चालल्यासारखं. बारमध्ये सकाळचा पांढऱ्या वाइनचा पेला हातात धरून जो तो हेच बोलायचा, आणि जेर्वासो सगळ्यांपेक्षा जोरात बोलायचा. "मेलीत सगळी, मेलीत," असं तो म्हणायचा. लोकांना आवाज कमी झाला होता; त्याला त्यातलाही अर्धाच मिळत होता, आणि त्यानं तोही इंजिनांच्याच नावावर लावून टाकला. बागेतले रातकिडे ऐकू येईनात, तेव्हा म्हणाला, औषधं मारून मारून संपवले. मे महिन्यात छतांवरून पाकोळ्या चिरकत फिरायच्या त्या मुक्या झाल्या, त्याचं खापर त्यानं हवेवर फोडलं. रोझांजेला आतल्या खोलीतून काही बोलली की त्याला नुसती गुणगुण यायची. त्याला वाटायचं, चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचाही आवाज थकलाय, आपल्यासारखाच. जगच हळूहळू गप्प होत चाललंय असं त्यानं मानलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडतही होतं. दमलेल्या माणसाला शांतता आवडते.

आणि हे झालं कशानं, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! त्यांच्या उमेदीत चौकीवर कानात बोळा घालणारा म्हणजे बायल्या. मोठ्या इंजिनांचा तो काळ. पाठीचे मणके हलायचे. एखादा नवखा कानात कापूस कोंबून आला की एजिदिओ त्याला विचारायचा, "काय रे, आईनं सर्दी होईल म्हणून सांगितलंय का?" सगळे खदाखदा हसायचे. मिलानहून आलेले लोक पैसे मोजून जे ऐकायला यायचे ते आपल्याला फुकट, हातभर अंतरावरून मिळतंय, ते कापूस घालून कोण सांडणार? संध्याकाळी घरी आल्यावर कानात रात्रभर एक बारीक सूर वाजत राहायचा, तेव्हा रोझांजेलाला तो कौतुकानं सांगायचा, "अगं, अजून वाजतंय!" जणू मिरवणुकीचा गुलाल अंगावर आणलाय.

रात्री जेवताना त्यानं सांगायचं ठरवलं होतं. रोझांजेलानं लुगानेगा सॉसेज घालून भात शिजवला होता, शर्यतीच्या आठवड्यात करतेच ती. तिचं तोंड हलत होतं, आणि आज पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं की आपण तिच्या ओठांकडे बघून ऐकतो. कधीपासून? "असा काय बघतोयस?" ती म्हणाली. "पहिल्यांदा बघितल्यासारखा." तिला बरं वाटलं होतं हे त्याला दिसलं, आणि त्याचं सांगायचं तिथंच राहिलं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जाऊ नकोस. आणि तिचं बरोबरच असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावून त्यानं ताट पुसून खाल्लं. गंमत अशी की त्याला शर्यतीचं आता फारसं काही राहिलं नव्हतं. कोण पहिला आला ते त्याला सोमवारी पेपरातून कळायचं. पाय दुखायचे, ओव्हरऑल पोटावर घट्ट बसायचं, ऊन डोक्यात चढायचं. पण वर्षातले ते तीन दिवस कोणीतरी त्याच्या भरवशावर असायचं. उरलेल्या दिवसांत कोणी नसायचं. मुलगी तोरिनोला, पोस्टात त्याच्या जागी यंत्र. बारमध्ये तो गेला नाही तर खुर्चीवर दुसरा बसायचा. ते ओव्हरऑल उतरवलं की आपण त्या खुर्चीचे होणार याची त्याला भीती वाटत होती.

शुक्रवार सरावात गेला, शनिवारी शिट्टी त्याच्याकडे होती आणि धावायला एजिदिओ; पण शनिवारी काही पडलंच नाही. आंधळ्याच्या गायी देव राखतो. एजिदिओ शेजारच्या लिस्सोने गावचा सुतार, जन्मभर रंध्याच्या मशीनपाशी उभा राहिलेला, दोन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हापासून जरा जास्तच बोलणारा. आवाज घोगरा, खर्जातला. तो जेर्वासोला नेहमी स्वच्छ ऐकू यायचा, आणि त्यामुळेच तर आपल्या कानांविषयी कधी शंका आली नाही. शनिवारी रात्रभर त्यानं कूस बदलत विचार केला आणि पहाटे त्याला वाट सुचली. शिट्टी मारायला डोळे लागतात आणि छाती लागते. कान धावणाऱ्याला लागतात. तेव्हा पाळी बदलून घ्यायची. इतकं सोपं होतं ते, की त्याला स्वतःचा जरा अभिमानच वाटला आणि तासभर छान झोप लागली.

रविवारी सकाळी बागेत भाजलेल्या सॉसेजचा धूर झाडांखाली साचला होता. भिंतीच्या भोकातून फुकट घुसलेली पोरं, तंबू ठोकून राहिलेली लाल शर्टातली कुटुंबं, फांद्यांना बांधलेले झेंडे. कठड्यामागे एजिदिओ घरची सलामी, म्हणजे सुकवलेलं सॉसेज, सुरीनं कापत बसला होता. शर्यतीआधी ती खायची हा त्याचा शिरस्ता.

"एजिदिओ, आज तू धावशील का?" जेर्वासो म्हणाला. "माझा गुडघा सकाळपासून बोंब मारतोय."

एजिदिओची सुरी थांबली. "आज? आज तुझी पाळी."

"म्हणूनच विचारतोय ना. माझी नसती तर कशाला विचारलं असतं?"

"काल तर टणाटण उड्या मारत होतास."

"काल काल होतं."

एजिदिओ काही वेळ बोलला नाही. तो गप्प बसणारा माणूस नव्हे, म्हणून जेर्वासोला ते जाणवलं. त्याला वाटलं, याच्या लक्षात आलं की काय. मग वाटलं, याचेही गुडघे काही सोन्याचे नाहीत, म्हातारा कुरकुरतोय एवढंच. "लोरेदानाला सांगू का मग? ती दुसरा कोणी देईल तुला," एजिदिओ शेवटी म्हणाला. लोरेदाना म्हणजे चौकीची प्रमुख. चाळिशीची, शाळेत गणित शिकवणारी, कडक.

"तिला कशाला? गुडघ्याचं कळलं तर पुढच्या वर्षी घरी बसवेल मला."

"ते खरं," एजिदिओ म्हणाला. "बसवेल." त्यानं सलामीचा एक जाड काप कापला, तो जेर्वासोला दिला, गळ्यातली शिट्टी काढून तीही दिली. "चल, धावतो मी. मेलो तर सलामी तुझी."

शर्यत सुरू झाली. पहिल्या काही फेऱ्या गाड्या घोळक्यानं यायच्या, मग माळ तुटली आणि मधे मधे रिकामा ट्रॅक दिसू लागला. जेर्वासो नेहमीसारखा झाडांच्या त्या फटीकडे बघत उभा होता, जिथून गाडी पहिल्यांदा दिसते. बघण्यात तो हरवून गेला. ऊन मानेवर होतं, शिट्टी दातात होती, आणि कित्येक दिवसांनी मनात काही टोचत नव्हतं. आपण कोणाला फसवलं नाही, आपण फक्त जागा बदलली, असं तो स्वतःला सांगत होता आणि ते पटतही होतं. तेवढ्यात दोन गाड्या वळणात एकमेकींना घासल्या. दोन्ही पुढे निघून गेल्या, पण एकीच्या पुढच्या पंखाचे दोन तुकडे ट्रॅकवर राहिले, एक जवळ, एक पार पलीकडे. धोक्याचे पिवळे झेंडे हलू लागले. लोरेदानानं रेडिओवर ऐकलं, वरच्या बाजूला पाहिलं आणि 'जा' म्हणून हात खाली केला. एजिदिओ कठड्यावरून उतरला. उडी अशी ती राहिली नव्हती. जवळचा तुकडा त्यानं उचलून कठड्याआड फेकला आणि पलीकडच्यासाठी तो पुढे गेला. तो तुकडा डांबराला चिकटल्यासारखा झाला होता. एजिदिओ वाकला.

फटीत गाडी दिसली. यायला नको होती, इतक्यात कोणी यायचं नव्हतं. पिटमध्ये थांबून, चाकं बदलून निघालेला कोणी असणार. जेर्वासोनं शिट्टी मारली. त्याच्या स्वतःच्या कानाला नुसता वारा गेल्यासारखं वाटलं, आणि क्षणभर त्याला कळेना, शिट्टी वाजली की नाही. मग त्यानं पाहिलं, कुंपणामागची सगळी तोंडं एकदम त्याच्याकडे वळली होती, एका बाईनं कानावर हात ठेवला होता. म्हणजे वाजली. सगळ्यांना आली. फक्त ट्रॅकवर वाकलेला एजिदिओ तसाच वाकलेला होता, आरामात, घरच्या अंगणात खिळा काढत असल्यासारखा. जेर्वासोनं पुन्हा मारली, गालाचं कातडं फाटेल इतकी. एजिदिओनं मानसुद्धा हलवली नाही. तेव्हा त्याला सगळं समजलं. सकाळी थांबलेली ती सुरी, ते गप्प बसणं, ते 'बसवेल', सगळं. रंध्याचं मशीन. कापसाची चेष्टा कोण करायचा? यालाही येत नाही. हे कळत असताना तो कठडा ओलांडून धावत होता. शिट्टीवाल्यानं जागा सोडायची नसते. गुडघा न दुखणाऱ्या माणसासारखा धावून त्यानं एजिदिओचा पट्टा मागून धरला आणि आपलं सगळं वजन गवताकडे टाकलं. दोघं उपडे पडले. गाडी त्यांच्या पायांपासून कुठेतरी जवळून गेली. तिचा वारा गरम होता आणि त्यात रबराचा वास होता. ती ऐकू मात्र स्वच्छ आली. मेली नव्हती इंजिनं.

पुढची गाडी यायच्या आत लोकांनी त्यांना कठड्याआड ओढलं. लोरेदाना पांढरीफटक पडली होती. "एजिदिओ, शिट्टी ऐकली नाहीत तुम्ही? मला तिकडून दोन्ही आल्या!"

"आली होती," एजिदिओ म्हणाला. "तुकडा निघत नव्हता. म्हटलं, काढूनच जावं."

"खोटं बोलू नका."

"बाई, या कानांनी मी तुझ्या जन्माच्या आधीपासून—"

लोरेदानानं त्याला पुढे बोलू दिलं नाही. ती त्याच्या पाठीमागे गेली. एजिदिओ जेर्वासोकडे तोंड करून उभा होता, हनुवटीला माती, डोळ्यांत अशी विनवणी की जेर्वासोनं ती त्याच्या बायकोच्या दफनालाही पाहिली नव्हती. त्याच्या खांद्यावरून जेर्वासोला दिसलं, लोरेदानानं आपली शिट्टी ओठांना लावली. तिचे गाल फुगले. आणि जेर्वासो दचकला. ठरवून नाही, पण उगाचही नाही. गेल्या तीन दिवसांत त्याच्या अंगानं आपलं आपण शिकून घेतलं होतं की शिट्टी वाजली असं दिसलं की दचकायचं, म्हणजे आपल्यावर संशय येणार नाही. त्यानं खांदे आक्रसले, डोळे मिटले. त्याला बघून एजिदिओ गर्रकन मागे वळला. "केवढ्यानं मारतेस! कान फुटतील माणसाचे."

लोरेदाना दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिचा श्वास सुटला. "ठीक आहे. पण पुन्हा असं करायचं नाही. शिट्टी म्हणजे पळायचं. जा जागेवर." ती रेडिओत काही बोलत चालू लागली. एजिदिओनं जेर्वासोला डोळा मारला.

त्या डोळा मारण्यानं जेर्वासोचा जीव थकून गेला. दोघं पुन्हा जागेवर होते. शिट्टी त्याच्या गळ्यात, एजिदिओ कठड्यापाशी हात झटकत पुढच्या तुकड्याला तयार, आणि निम्म्याहून जास्त फेऱ्या बाकी. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. पुढं काही पडलंच नाही तर? काल पडलं नव्हतं. पडलं तर पुन्हा धावता येईल, पट्टा धरता येईल. मग त्याच्या मनात आलं, पुढच्या वर्षीही असंच, त्याच्या पुढच्या वर्षीही, दोन बहिरे एकमेकांच्या कानांच्या भरवशावर. आणि हे सांभाळत राहण्याचं बळ आपल्यात नाही, हे त्याला इतकं उघड दिसलं की त्यात चांगुलपणाचा प्रश्नच उरला नाही. तो लोरेदानाच्या मागे गेला.

"लोरेदाना, मला शिट्टी ऐकू येत नाही." आपण किती मोठ्यानं बोललो ते त्याला कळलं नाही; झेंडेवाले वळून बघू लागले. "आताची पण आली नव्हती. तुमचे गाल बघून दचकलो. आणि त्यालाही येत नाही. माझ्याकडे बघून वळला तो."

लोरेदानानं वाद घातला नाही. तिला दुसरं काही बोलायला वेळच नव्हता. तिनं जेर्वासोच्या गळ्यातून शिट्टी काढून घेतली, रेडिओवर दोन माणसं मागवली आणि कुंपणाचं फाटक उघडून धरलं. एजिदिओ फाटकातून जाताना सगळ्यांच्या देखत थुंकला.

ते दोघं लोकांत गेले. पुढे जागा नव्हती, बरंच मागे, उतारावर उभे राहिले तर मागच्या एका दाढीवाल्यानं ओरडायला सुरुवात केली, "ओ नारिंगी काका! बसा की खाली, दिसत नाही मागच्यांना!" तो आवाज जाडा होता, दोघांनाही आला. ते गवतात बसले. पुढं माणसांच्या पाठी आणि झेंड्यांच्या काठ्या होत्या. त्यांच्या फटींतून लाल, निळं काहीतरी सरकन जात होतं. कुठली गाडी, कितव्या नंबरावर, कळायला मार्ग नव्हता. बराच वेळ एजिदिओ गवत उपटत राहिला.

"शुक्रवारपासून मी त्या बोलायला कोणी नसलेल्या घरात बसून नव्हतो," तो शेवटी म्हणाला, त्याच्याकडे न बघता. "तीन दिवस. वर्षातले तीन. तुझं तू सांगायचंस. माझं कशाला सांगितलंस?"

"परत बाहेर गेला असतास."

"गेलो असतो. माझी मर्जी."

"आणि शिट्टी माझ्याकडे होती."

शेजारच्या कुटुंबातल्या आजीनं न विचारता दोघांच्या हातांत पावात घातलेलं एकेक सॉसेज दिलं. एजिदिओनं ते हातातच धरलं. "तिनं मागून शिट्टी मारली तेव्हा दचकलास," तो म्हणाला. "ते तरी माझ्यासाठी केलंस ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. एका शब्दात सगळं निभावलं असतं, आणि एजिदिओला तेवढं तरी घरी न्यायला मिळालं असतं. जेर्वासोनं तोंड उघडलंही. पण आता आणखी एक गोष्ट झाकून ठेवायची, तीही मरेपर्यंत, याचा त्याला कंटाळा आला.

"नाही," तो म्हणाला. "स्वतःसाठी. मला येत नाही हे तिला कळू नये म्हणून."

एजिदिओनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग सॉसेजचा एक मोठा घास घेतला.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "तुझे उपकारही मानायचे आणि तुझ्यावर चिडायचंही, दोन्ही कामं माझ्याच्यानं झाली नसती." आणि तो जेर्वासोपासून दोन हात लांब सरकून बसला.